उंदराची महाधमनी आणि माणसाचा रक्तदाब

पांढऱ्या उंदराच्या छातीतली महाधमनी काढायची. तिच्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या चकत्या करायच्या आणि एकेक चकती दोन बारीक तारांत अडकवून ३७ अंश सेल्सिअसच्या क्रेब्ज नावाच्या क्षारद्रावणात टांगायची. खालून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडत राहायचे. फेनिलेफ्रिन टाकून चकती आवळू द्यायची आणि मग झाडपाल्याचा अर्क थोडा थोडा वाढवत ती किती सैलावते याची नोंद घ्यायची. कॅमेरून, नायजेरिया, बुर्किना फासो, मोरोक्को इथल्या औषधशास्त्र विभागांत हा प्रयोग वर्षानुवर्षं चालू आहे. निकाल बहुतेक वेळा एकच येतो. बायडेन्स पिलोसा या तणाच्या पानांनी चकती सैलावते, अव्होकाडोच्या पानांनी सैलावते, मोरोक्कोतल्या आर्ब्युटस या झुडपाच्या पानांनी सैलावते, शियाच्या झाडावर वाढणाऱ्या बांडगुळानंही सैलावते. शोधनिबंध छापून येतो. त्याच्या शेवटी रक्तदाबावरच्या पारंपरिक वापराला शास्त्रीय आधार मिळाल्याचं एक वाक्य असतं आणि पुढील संशोधनाची गरज असल्याचं दुसरं. ते पुढील संशोधन क्वचितच होतं, कारण पुढचा विद्यार्थी पुढचं झाड घेतो.

हा क्रम उलटा करायला हवा, असं माझं म्हणणं आहे. आफ्रिकेतल्या सरकारांकडे आणि विद्यापीठांकडे संशोधनासाठी पैसा थोडा असतो. सकल देशांतर्गत उत्पादनाचा एक टक्का संशोधनावर खर्च करण्याचं आफ्रिकी संघाचं उद्दिष्ट बहुतेक सदस्य देशांना आजवर गाठता आलेलं नाही. असा तुटपुंजा पैसा आणखी एका झाडाचा अर्क आणखी एका चकतीवर ओतण्यात घालवू नये. लोक आज रोज जे उकळून पितात, त्यातल्या दोन-चार वनस्पती निवडाव्यात आणि माणसांच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून त्यांची सरळ परीक्षा घ्यावी.

चकतीचा प्रयोग कुचकामी आहे असा याचा अर्थ नाही. रक्तवाहिन्यांविषयी आज जे कळतं, त्यातलं बरंच याच तारांवर टांगून कळलं. असिटिलकोलीन या मज्जातंतूंच्या संदेशवाहक रसायनानं रक्तवाहिनी सैलावते की आवळते, याबद्दल अनेक वर्षं घोळ होता. रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाद्स्की यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की, चकती करताना धमनीच्या आतला पेशींचा पातळ थर खरवडला गेला तर सैलावणं बंद पडतं. म्हणजे तो थर काहीतरी सोडत असला पाहिजे. ते काहीतरी नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू निघाला आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना मिळालं.

या शोधामुळे झाडपाला तपासणाऱ्याच्या हातात एक आयती चौकट आली. आतला थर खरवडल्यावरही अर्क काम करतो का? नायट्रिक ऑक्साइड तयार होऊ न देणारं रसायन टाकल्यावर परिणाम थांबतो का? पोटॅशियमनं आवळलेली चकती सैलावते का? सैलावली, तर पेशीत कॅल्शियम शिरण्याच्या वाटा बंद होत असाव्यात असा कयास बांधता येतो. काही उत्तरं खरोखर देखणी आहेत. वर उल्लेख केलेल्या बांडगुळातून बुर्किना फासोतल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी डोडोनीन नावाचं अगदी नवं संयुग वेगळं केलं आणि २००७ मध्ये ते उंदराची महाधमनी सैलावतं असं दाखवलं. शियाच्या झाडावरचं बांडगूळ तिथल्या वैद्यांच्या वापरात आधीपासून होतंच. असा एक धागा हाती लागतो तेव्हा प्रयोगशाळेचं सार्थक होतं. पण एका डोडोनीनमागे ज्यांचं पुढे काहीच झालं नाही असे अर्क किती, हे या विषयावरची नियतकालिकं चाळणाऱ्या कुणालाही दिसतं.

अडचण अशी की रक्तदाब महाधमनीत ठरत नाही. ती मोठी वाहक नळी आहे. दाब ठरतो तो दूर टोकाला, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक धमन्यांच्या जाळ्यात, कारण नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढली की त्याच दाबाखाली जवळपास ४६ टक्के जास्त रक्त वाहू शकतं. बारीक धमन्यांत नुसतं केसभर सैलावणं पुरतं आणि महाधमनीत भरपूर सैलावूनही फार काही साधत नाही. दुसरी अडचण मात्रेची. काचपात्रात दर मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम अर्क टाकणं सोपं असतं. माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. तिथे तीच पातळी गाठायची, तर पाच ग्रॅम सुका अर्क एका वेळी, जसाच्या तसा रक्तात उतरायला हवा. प्रत्यक्षात वनस्पतींतल्या पॉलिफेनॉलांचा थोडासाच भाग आतड्यांतून शोषला जातो आणि त्याचंही रूप यकृत बदलून टाकतं. तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. ज्या झाडानं चकती हललीच नाही, त्या झाडाचा निबंध सहसा छापायला जातच नाही.

'पारंपरिक वापर' हा शब्दप्रयोगही जरा सावधपणे ऐकायला हवा. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवत नाही. इटलीतल्या रिव्हा-रोच्ची यांनी दंडावर बांधायचा पट्टा १८९६ मध्ये आणला आणि रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपनं ऐकण्याची पद्धत १९०५ मध्ये सांगितली. त्याआधी जगातल्या कुठल्याच वैद्याला, मग तो योरुबा असो, झुलू असो की आपल्याकडचा, रक्तदाब नावाचा आकडा दिसत नव्हता. त्याला दिसायची डोकेदुखी, भोवळ, धडधड, अंगावरची सूज. ही लक्षणं रक्तदाबाची असतीलच असं नाही. तेव्हा एखाद्या पाहणीत अमुक झाड अमुक जमात परंपरेनं रक्तदाबावर वापरते असं लिहिलेलं असतं, तेव्हा ती परंपरा फार तर दवाखान्यात पट्टा आल्यापासूनची असते. अव्होकाडो आणि बायडेन्स तर मुळात अमेरिका खंडातून आलेली. यात हिणवण्यासारखं काही नाही, उलट परंपरा जिवंत असल्याची ही खूण आहे. आजचा वैद्य रुग्णाला यंत्रावर आकडा बघून यायला सांगतो आणि पुढचा काढा त्यावरून ठरवतो. मग त्याच्या ज्ञानाची परीक्षाही त्याच आकड्यानं व्हायला काय हरकत आहे? उंदराला मध्ये घालायची गरज काय?

माणसापासून सुरुवात करून किती लांब जाता येतं, याची दोन उदाहरणं आहेत. पहिलं इजिप्तमधलं. ओव्याच्या कुळातली खेल्ला ही वनस्पती तिथे मूतखड्याच्या कळा थांबवण्यासाठी फार जुन्या काळापासून वापरात होती. पावलोव्ह यांचे शिष्य ग्लेब फॉन आनरेप १९४० च्या दशकात कैरोत शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाला हृदयशूळ होता. मूतखड्यासाठी त्यानं खेल्लाचा काढा घेतला आणि त्याच्या छातीतली कळही गेली, असं सांगतात. आनरेप आणि त्यांच्या इजिप्शियन सहकाऱ्यांनी त्यातल्या खेलिन या द्रव्याच्या रुग्णांवर चाचण्या घेतल्या. ते हृदयाच्या रक्तवाहिन्या सैलावतं असं दिसलं. मळमळीमुळे खेलिन स्वतः टिकलं नाही, पण त्याच्या रेणूची रचना समोर ठेवून केलेल्या कामातून पुढे दम्यावरचं क्रोमोग्लायकेट आलं आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममधल्या एका कंपनीत अमिओडारोन तयार झालं. हृदयाचे ठोके बिघडलेल्या रुग्णाला आज मुंबईतल्या अतिदक्षता विभागातही तेच देतात. नाईलच्या काठच्या ज्या शेतकऱ्यांच्या काढ्यापासून हे सगळं सुरू झालं, त्यांना त्यातून काय मिळालं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारलाही नाही.

दुसरं उदाहरण थेट आपल्या घरातलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, पट्ट्यावर मोजून, निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच या वनस्पतीबद्दल लिहिलं होतं, पण जगाचं लक्ष गेलं ते डॉ. वकील यांच्या निबंधानंतर. रेसरपीन हे शुद्ध द्रव्य स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं १९५२ मध्ये वेगळं काढलं, म्हणजे रुग्णांवरच्या निष्कर्षांनंतर तीन वर्षांनी. आधी माणूस, मग रेणू, असा हा क्रम होता. डॉ. वकील यांना १९५७ चं लास्कर हे वैद्यकातलं पारितोषिक मिळालं. वाढलेला रक्तदाब औषधांनी उतरवला तर माणसं जगतात, हे ठामपणे दाखवणारी पहिली मोठी चाचणी अमेरिकेत माजी सैनिकांवर झाली आणि १९६७ मध्ये तिचे निष्कर्ष छापले गेले. १४३ जणांच्या त्या चाचणीतल्या तीन औषधांपैकी एक रेसरपीन होतं.

इथे आफ्रिका येते ती जरा कडवट रीतीनं. भारतानं सर्पगंधेच्या मुळांच्या निर्यातीला आवर घातल्यावर युरोपच्या औषध कंपन्या तिच्या आफ्रिकी बहिणीकडे, राउव्होल्फिया व्होमिटोरियाकडे वळल्या. मुळांची पोती काँगोतून रवाना होऊ लागली. नायजेरियातले वैद्य ही मुळं मनोरुग्णांना शांत करायला देत आले होते. आफ्रिकेच्या हाती उरलं ते नुसतं मुळं खणण्याचं काम. रेसरपीन रक्तवाहिनीच्या स्नायूला थेट सैलावत नाही, ते मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरॲड्रिनलीन या आवळण्याचा निरोप नेणाऱ्या रसायनाचा साठा रिकामा करतं आणि मग आवळण्याचा हुकूमच सुटत नाही. कापून बाहेर काढलेल्या चकतीवर हे काम नीट दिसलंही नसतं. चकतीच्या भरवशावर राहिलो असतो, तर विसाव्या शतकातलं एक मोठं औषध कदाचित आपल्या नजरेतून निसटलं असतं.

आता आजचं बोलू. सेनेगलमध्ये बिसाप, नायजेरियात झोबो, घानात सोबोलो, सुदान आणि इजिप्तमध्ये करकदे. नावं वेगळी, पण पेय एकाच झाडाच्या लाल, मांसल बोंडांचं. हे झाड म्हणजे हिबिस्कस सबदरिफा, आपली लाल अंबाडी. (विदर्भात तिच्या बोंडांचं सरबत आणि चटणी करतात. पानांची भाजी हा मात्र वेगळा मामला, बोंडांविषयीचे निष्कर्ष तिला लावता येणार नाहीत.) हिचं मूळ आफ्रिकेतलं मानलं जातं. चकतीचा प्रयोग हिच्यावरही झाला आणि अर्थातच चकती सैलावली. पण ही वनस्पती त्यापुढे गेली. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात रक्तदाब थोडा वाढलेल्या ६५ जणांना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा किंवा त्याच्यासारखं दिसणारं-लागणारं पेय दिलं. २०१० मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांनुसार, वरचा आकडा चहा घेणाऱ्यांत सरासरी ७.२ नं उतरला आणि दुसऱ्या गटात १.३ नं. नायजेरियातल्या एनुगूमध्ये सौम्य ते मध्यम रक्तदाबाच्या ८० रुग्णांवर ही बोंडं आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड ही रक्तदाबावरची नेहमीची गोळी यांची तुलना झाली आणि चार आठवड्यांत बोंडं गोळीच्या मागे पडली नाहीत. मेक्सिकोत कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधाशी तुलना झाली. एवढं असूनही सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या समीक्षेचा निर्वाळा असा की खात्रीनं काही सांगण्याइतका पुरावा नाही. तो निर्वाळा मला योग्य वाटतो. चाचण्या लहान आहेत, काही आठवड्यांच्या आहेत, आणि प्रत्येकीत बोंडांचं प्रमाण वेगळं आहे. सहा आठवडे आकडा उतरणं एक, पक्षाघात टळणं दुसरं.

शिवाय आठवडी बाजारात आणि बसस्थानकावर मिळणारं झोबो किंवा बिसाप हे प्रयोगातलं पेय नव्हे. त्यात भरपूर साखर असते. रक्तदाबासाठी म्हणून दिवसाला तीन ग्लास साखरेचं पाणी पिणाऱ्याचं काय भलं होणार? दुसऱ्या औषधांशी त्याचा झगडाही होतो. सुदानमध्ये १९९४ साली दिसून आलं की करकदे, चिंचेचं अरादेब आणि लिंबू सरबत यांच्याबरोबर घेतलेलं क्लोरोक्विन हे हिवतापाचं औषध शरीरात बरंच कमी शोषलं जातं. हिवताप ज्या देशांत घरोघरी, त्या देशांत ही माहिती बारीकसारीक नव्हती. आणि ही माणसांवर केलेल्या साध्या, स्वस्त अभ्यासातून मिळाली, उंदरातून नव्हे.

मग मोठी चाचणी का होत नाही? कारण उघड आहे, तिच्यातून कुणाचा फायदा होत नाही. अंबाडीच्या बोंडांवर एकस्व (पेटंट) मिळणार नाही, म्हणून कंपनी पैसा लावणार नाही. प्राध्यापकाला बढतीसाठी निबंधांची संख्या लागते आणि एका चाचणीच्या वेळात चकतीचे दहा निबंध होतात. राजकारण्याला घाई असते. एप्रिल २०२० मध्ये मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी आर्टेमिसिया या वनस्पतीचं बाटलीबंद पेय कोविडवर म्हणून जाहीर केलं. आफ्रिकी ज्ञानाला कमी लेखलं जातं, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण चाचणीआधी बाटली विकायला काढून त्यांनी टीकाकारांच्या हाती आयतं कोलीत दिलं. आपल्याकडे आयुर्वेदाच्या नावानं जे चालतं ते पाहता मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटू नये. आपल्या औषधनिर्माण महाविद्यालयांतही उंदरावर अर्क तपासून पुरे होणारे प्रबंध कमी नाहीत.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो आफ्रिकेतूनच येतो. लोकांच्या काढ्याची माणसांवर चाचणी करून निकाल जगजाहीर केलात, की बाहेरची कंपनी तो उचलणार. खेल्ला आणि राउव्होल्फियाचं जे झालं तेच पुन्हा होणार. ही भीती खरी आहे. पण त्यावर उपाय निघू लागले आहेत. दक्षिण आफ्रिकेत रॉयबॉस या झुडपाच्या चहाच्या उद्योगानं नोव्हेंबर २०१९ मध्ये सान आणि खोइ या तिथल्या मूळ रहिवासी समाजांशी करार केला. शेतावरच्या खरेदीभावाच्या दीड टक्का रक्कम त्यांना द्यायची. रक्कम लहान वाटेल, तरी पेटंटची वाट न बघता थेट मालाच्या किमतीतून वाटा देण्याची ही पद्धत रेणू शोधून केलेल्या कराराहून मला जास्त भक्कम वाटते. हुडिया या भूक मारणाऱ्या वनस्पतीच्या करारात सान लोकांना औषधाच्या विक्रीतून वाटा मिळायचा होता. मोठं औषध कधी बाजारात आलंच नाही, आणि वाटाही नावापुरताच राहिला. झोबोच्या बाबतीत तर शेतकरी, विकणारी बाई आणि पिणारा रुग्ण एकाच जिल्ह्यातले असू शकतात. चाचणीचा फायदा तिथल्या तिथे राहील.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. रक्तवाहिन्या सैलावणारं स्वस्त औषध हातात असताना बोंडं कशाला उकळायची? अमलोडिपीन नेमकं हेच करतं, कॅल्शियमची वाट अडवून बारीक धमन्या सैलावतं. सहारापलीकडच्या सहा देशांतल्या ७२८ कृष्णवर्णीय रुग्णांवर झालेली क्रिओल चाचणी २०१९ मध्ये छापली गेली. दोन-दोन औषधांच्या तीन जोड्यांची तीत तुलना झाली. ज्या जोड्यांत अमलोडिपीन होतं त्या दोन्ही, ते नसलेल्या जोडीपेक्षा चांगल्या ठरल्या. मी या डॉक्टरांच्या बाजूचा आहे. कुणाला झोबोसाठी अमलोडिपीन सोडायला सांगणं हा गुन्हा होईल. काढ्यांनी जीव जातात हेही विसरता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत कॅलिलेपिस या वनस्पतीच्या मुळांनी यकृत निकामी होऊन माणसं मेल्याची नोंद आहे. कॅमेरून-गाबोनमधल्या योहिंबेच्या सालीतलं द्रव्य तर रक्तदाब वाढवतं आणि ती साल ताकदीचं औषध म्हणून जगभर विकली जाते.

पण आक्षेप घेणारे डॉक्टर एक गोष्ट नजरेआड करतात. रुग्ण बोंडं उकळतोच आहे. गोळीबरोबर उकळतो, गोळी संपल्यावर उकळतो, महिन्याच्या शेवटी पैसे नसताना गोळीऐवजी उकळतो, आणि डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाही. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत रक्तदाब असलेल्यांपैकी दहातल्या एकाचाही तो आटोक्यात नाही. अशा रुग्णाला डॉक्टर आज फार तर 'ते पिऊ नका' एवढंच सांगू शकतात. का नको, किती चालेल, गोळीवर काय परिणाम होईल, हे त्यांनाही ठाऊक नसतं.

म्हणून चाचणी याच प्रश्नांची हवी. अमलोडिपीन चालू असलेले रुग्ण घ्यायचे. अर्ध्यांना ठरलेल्या वजनाची सुकी बोंडं, ठरलेल्या पाण्यात, साखर न घालता द्यायची, बाकीच्यांना तशाच रंगाचं दुसरं पेय. चोवीस तासांचा रक्तदाब, मूत्रपिंडाचं काम आणि रक्तातली औषधाची पातळी वर्षभर मोजायची. बोंडं कुठल्या शेतातली, कधी तोडलेली, त्यात अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य किती, याची नोंद ठेवायची. वैद्य आणि पेय विकणाऱ्या बायका यांना सुरुवातीपासून चाचणीच्या समितीत घ्यायचं. किती उकळायचं आणि किती वेळ मुरू द्यायचं हे त्यांना जितकं कळतं तितकं प्रयोगशाळेला कळत नाही. यातली कुठलीही गोष्ट एनुगू, कुमासी किंवा डाकारच्या विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरची नाही. खर्च सरकारनं करायचा, कारण दुसरं कुणी करणार नाही. निकाल नकारात्मक आला तरी तो तितक्याच ठळकपणे छापायचा. मग आरोग्यकेंद्रातली नर्स गोळी सोडून झोबोवर राहिलेल्या बाईला निदान इतकं तरी सांगू शकेल: तुमच्यासारख्याच इतक्या जणांनी वर्षभर हे पिऊन पाहिलं, त्यानं दाब उतरला नाही, गोळी पुन्हा सुरू करा.